मोटारीतील स्टीरिओ आणि त्याच्या तारा

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग पैनगंगेचा पूल ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात उतरतो. या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींच्या नंबरपाट्या वाचल्या, तरी या प्रदेशाचा स्वभाव ध्यानात येतो. एमएच २९ ची गाडी यवतमाळकडची, एमएच ३४ ची चंद्रपूरकडची, एमएच २६ ची किनवट-नांदेडकडची. जिल्ह्यातील गाड्यांवर कोठे जुना एपी ०१, कोठे त्यानंतरचा टीएस ०१, तर कोठे अगदी अलीकडचा टीजी ०१. राजुरा आणि किनवट हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे ते मराठी मुलखाकडे आले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमारेषा हलली, तरी सोयरिकी, बाजारहाट आणि कापसाच्या गाड्या यांची ये-जा काही थांबली नाही. वापरलेल्या मोटारीही अशाच नदीच्या एका काठावर विकल्या जातात आणि दुसऱ्या काठावर जाऊन राबू लागतात.

अशी एखादी गाडी नव्या धन्याच्या दारात येऊन उभी राहते, तेव्हा पुष्कळदा एक उणीव डोळ्यांत भरते. जुन्या मालकाने आपला टेप किंवा रेडिओ काढून नेलेला असतो. डॅशबोर्डमध्ये सुमारे अठरा सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर उंच अशी एक चौकट रिकामी असते आणि तिच्यातून रंगीबेरंगी तारांचा झुबका लोंबत असतो. नव्या मालकाने हौसेने नवा स्टीरिओ आणलेला असतो. त्याच्या पाठीमागेही तसाच एक झुबका असतो. हा झुबका त्या झुबक्याला जोडावयाचा, एवढेच काय ते काम.

ते करावयास बसलेला कारागीर तेलुगू बोलणारा, गाडीचा मालक मराठी आणि चालकाच्या तोंडी दखनी उर्दू, हे दृश्य आदिलाबादेत मुळीच अपूर्व नाही. एकजण ‘पिवळी’ म्हणतो, दुसरा ‘पसुपु’ म्हणतो, तिसरा ‘पीला’ म्हणतो आणि तिघांचेही बोट एकाच तारेवर पडते. ‘तांबडी’, ‘एरुपु’ आणि ‘लाल’ यांचेही तसेच. ‘काळी’, ‘नलुपु’ आणि ‘काला’ यांचेही तसेच. रंगाच्या नावाबद्दल या तिघांत वाद होत नाही. खरा प्रश्न पुढेच आहे. गाडीतील पिवळ्या तारेचे काम आणि स्टीरिओतील पिवळ्या तारेचे काम एकच असते काय?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने दिले, तर कधी नुसता आवाज बिघडतो, कधी रात्रीतून बॅटरी उतरते, कधी नवा संच पहिल्याच मिनिटाला निकामी होतो, आणि कधी गाडीतून धूर निघू लागतो. म्हणून मोटारीतील तारा ओळखाव्यात कशा, हा विषय केवळ कारागिरांचा नव्हे. ज्याच्या दारात गाडी उभी आहे, त्यानेही तो थोडाबहुत समजून घ्यावा असाच आहे.

मोटारीत रेडिओ बसू लागला तेव्हा तारांचा एवढा पसारा नव्हता. शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. त्या काळी एक संच, एक स्पीकर आणि त्याच्या दोन तारा, एवढ्यावर भागत असे. स्पीकरची एक बाजू गाडीच्या लोखंडी अंगाला जोडून दिली की एक तारही वाचे. पुढे ट्रान्झिस्टर आले, संच लहान झाले. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट निघाली आणि काही वर्षांतच ती मोटारीत शिरली. एका स्पीकरचे दोन झाले, दोनांचे चार झाले. आज साध्या मोटारीतही पुढे दोन आणि मागे दोन असे चार स्पीकर असतात. प्रत्येकाच्या दोन तारा धरल्या, तर स्पीकरच्याच आठ होतात. विजेच्या, अँटेनाच्या आणि दिव्याच्या तारा त्यांहून निराळ्या.

दोनाऐवजी आठ तारा स्वतंत्र ठेवण्यास एक कारण आहे. मोटार चालू असताना तिच्यातील विजेचा दाब सुमारे चौदा व्होल्ट असतो. एवढ्या अल्प दाबातून मोठा आवाज काढावयाचा, तर स्पीकरच्या एका टोकाला रेटा देऊन भागत नाही. आजच्या संचात प्रत्येक स्पीकरमागे दोन लहान अ‍ॅम्प्लिफायर असतात. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. विहिरीवरचा रहाट दोघांनी मिळून फिरवावा तसा हा प्रकार. या रचनेने त्याच स्पीकरमधून, हिशेबाने पाहिल्यास, चौपट शक्ती मिळते. परंतु तिचा परिणाम असा, की स्पीकरची ‘मायनस’ म्हणवणारी तार ही गाडीच्या अंगाची तार राहत नाही. तिच्यातही संचाचा जोर असतो. जुन्या सवयीने कोणी ती तार गाडीच्या पत्र्याला टेकवली, तर संचातील अ‍ॅम्प्लिफायरवर एकदम भार येतो. काही संच अशा वेळी स्वतःला वाचवून बंद पडतात, पुष्कळसे कायमचेच बंद पडतात.

आता रंगांकडे वळावे. बाजारात स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्टीरिओंत तारांच्या रंगांचा एक संकेत पाळला जातो. पिवळी तार बॅटरीची. तिच्यात चावी काढली तरी वीज असावी लागते, कारण संचातील घड्याळ आणि लावून ठेवलेली केंद्रे तिच्यावरच जिवंत राहतात. तांबडी तार चावीची. चावी फिरवली की तिच्यात वीज यावी आणि चावी काढली की जावी. काळी तार अर्थची, म्हणजे गाडीच्या अंगाला जोडण्याची. नारिंगी, किंवा नारिंगीवर पांढरी रेघ असलेली, ती दिव्यांची. गाडीचे दिवे लागले की संचाचा उजेड मंद करण्यास ती सांगते. निळी तार वर येणाऱ्या अँटेनासाठी आणि निळीवर पांढरी रेघ असलेली वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला जागे करण्यासाठी. या दोन निळ्या तारांतून वीज संचाकडून बाहेर जाते. त्यांना बाहेरून वीज देणे म्हणजे संचाला इजा करणे होय.

स्पीकरच्या तारांचा संकेतही असाच सुटसुटीत आहे. पुढचा डावा स्पीकर पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा आणि मागचा उजवा जांभळा. नुसता रंग असेल ती प्लस. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती मायनस. पडदा असलेल्या नव्या संचांत आणखी दोन तारा येतात. फिकट हिरवी तार हँडब्रेकची आणि जांभळीवर पांढरी रेघ असलेली मागे जाण्याच्या गिअरची. या दोघी दिसावयास स्पीकरच्या तारांच्या सख्ख्या बहिणी वाटतात, म्हणून संध्याकाळच्या उजेडात त्यांची अदलाबदल सहज होते. फिकट हिरवी तार कायमची पत्र्याला जोडून देण्याचा एक प्रघातही आहे. म्हणजे गाडी धावत असताना पडद्यावर चित्रपट चालू राहतो. हँडब्रेक ओढल्याखेरीज चित्र दिसू नये ही योजना चालकाची नजर रस्त्यावर राहावी म्हणूनच केलेली असते. निर्मळकडच्या घाटातील वळणांवर ज्याची नजर पडद्याकडे जाईल, त्याला ही युक्ती महाग पडेल.

हे झाले विकत आणलेल्या संचाचे. गाडीच्या बाजूस असा एकच संकेत नाही, आणि घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. प्रत्येक कारखान्याची रंगांची आपली रीत असते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीची, सदैव वीज असलेली. जर्मन पद्धतीत तीच तपकिरी तार अर्थची असते. ब्रिटिश पद्धतीत काळी तार अर्थची, तर जर्मन पद्धतीत काळीत चावी फिरवली की वीज येते. घरातील जुन्या वायरिंगमध्ये तांबडी तार विजेची आणि काळी परतीची, हे ज्याच्या हाडीमाशी मुरले आहे, त्याने तीच समजूत मोटारीत नेली तर त्याची फसगत ठरलेली. फार जुन्या ब्रिटिश मोटारींत तर बॅटरीचे प्लस टोकच गाडीच्या अंगाला जोडलेले असे. तेथे आजचा संच बसवू जाणाऱ्याने अगोदर शंभरदा विचार करावा. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत जाड नारिंगी तार दिसली, तर ती उजेड मंद करण्याची खचित नव्हे. तिच्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि तिला हात लावणे प्राणावर बेतू शकते.

यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने १९९५ साली मोटार-रेडिओच्या कपलरचे एक मानक ठरवून दिले. आयएसओ १०४८७ या क्रमांकाने ते ओळखले जाते. त्यात आठ-आठ घरांची दोन कपलरे असतात, एक विजेचे आणि एक स्पीकरचे. विजेच्या कपलरात चौथे घर बॅटरीचे, सातवे चावीचे आणि आठवे अर्थचे. स्पीकरच्या कपलरात पहिली दोन घरे मागच्या उजव्याची, पुढची दोन पुढच्या उजव्याची, त्यानंतरची दोन पुढच्या डाव्याची आणि शेवटची दोन मागच्या डाव्याची. येथे रंग न पाहता घराचा क्रमांक पाहिला तरी चालते. तथापि हेही मानक सर्वांनी सारखे पाळले असे नाही. काही कारखान्यांनी चौथे आणि सातवे घर आपसांत बदलले आहे, तर काहींनी आपले निराळेच कपलर ठेवले आहे.

आणि मोटार दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असली, म्हणजे कारखान्याच्या संकेतावरही विसंबता येत नाही. मधल्या एखाद्याने मूळ कपलर कापून टाकलेले असते. हाताशी होती ती तार जोडलेली असते. पिवळी संपली म्हणून हिरवी वापरलेली असते. आदिलाबादच्या एखाद्या दुकानावरची पाटी तेलुगूत असते आणि आत बोलणे मराठीत चालू असते. पाटी खोटी नसते, पण आत कोणती भाषा चालते हे उंबरठा ओलांडून कानाने ऐकल्यावाचून कळत नाही. तारेचा रंग ही अशीच पाटी आहे. ती वाचावी अवश्य, परंतु जोडणी करण्यापूर्वी आत काय चालले आहे ते मीटर लावून पाहावे. या सगळ्या विद्येचे सार एवढेच आहे.

त्यासाठी लागणारे साहित्य फार नाही. एक साधा मल्टिमीटर, दीड व्होल्टचा घड्याळातला सेल, चिकटपट्टी आणि लेखणी. गाडीची वायरिंग-आकृती मिळाल्यास फारच उत्तम. जुना कारागीर बारा व्होल्टचा दिवा लावलेली टेस्ट-लॅम्प वापरतो. साध्या जुन्या गाडीत ती चालून जाते, पण नव्या गाडीत ती टाळावी. दिवा स्वतःच तारेतून प्रवाह ओढतो, आणि तेवढ्या प्रवाहाने आतील नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतात. नव्या मोटारींत चालकापुढील एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली आहे. तिच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात असतात आणि कपलरही पिवळेच असते. हे पिवळे म्हणजे स्टीरिओचे पिवळे नव्हे. अल्पशा प्रवाहाने ती पिशवी स्फोटासारखी उघडू शकते. त्या तारेवर ना टेस्ट-लॅम्प लावावी, ना मीटर.

तपासणीची सुरुवात अर्थपासून करावी. बॅटरीचे मायनस टोक काढून काही मिनिटे थांबावे, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरते. मग मीटर ओहमवर ठेवून एक टोक गाडीच्या उघड्या धातूला लावावे आणि दुसऱ्याने एकेक तार पाहावी. जेथे आकडा जवळजवळ शून्य येतो ती तार अर्थची असावी. येथे ‘असावी’ एवढेच म्हणावयाचे, कारण एक जुना सापळा याच जागी आहे. दिवे बंद असताना उजेडाची नारिंगी तारही जवळजवळ शून्य दाखवते. गाडीच्या लहान दिव्यांच्या थंड तंतूंतून ती पत्र्यापर्यंत पोचलेली असते, म्हणून ती अर्थ असल्याचा भास होतो. तिलाच अर्थ समजून काळी तार जोडली, तर दिवसा संच छान वाजतो आणि तिन्हीसांजेला दिवे लावताच मुका होतो. खऱ्या अर्थची खूण ही, की दिवे लावा वा मालवा, चावी फिरवा वा काढा, ती बदलत नाही. बॅटरी पुन्हा जोडल्यावर ही परीक्षा करून घ्यावी, मात्र त्या वेळी मीटर ओहमवर नव्हे, व्होल्टवर असावा.

त्यानंतर मीटरचे काळे टोक अर्थला लावून चावी बाहेर असताना प्रत्येक तार पाहावी. साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवील ती बॅटरीची. मग चावी पहिल्या टप्प्यावर फिरवावी. अगोदर शून्य असून आता बारा दाखवील ती चावीची. चावी काढून तो आकडा पुन्हा शून्यावर येतो की नाही, हे पाहिल्याखेरीज निकाल देऊ नये. मग दिवे लावावेत. त्या वेळी जी जागी होईल ती उजेडाची. प्रत्येक तार ओळखली की लगेच तिला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर काम लिहावे. मनात ठेवलेली ओळख चहा येईपर्यंतच टिकते. अगदी नव्या गाड्यांत चावीची तार सापडतच नाही, कारण चावी फिरल्याची वार्ता दोन बारीक, एकमेकींना पीळ दिलेल्या तारांवरून सांकेतिक रूपाने जाते. तेथे खटपट न करता त्या गाडीसाठी बनवलेले जोडयंत्र आणावे.

स्पीकरच्या तारा शोधताना विजेचे काम राहत नाही. संच पूर्ण सुटा असावा, आणि मीटर ओहमवर ठेवून तारांच्या जोड्या लावाव्यात. मोटारीतील स्पीकर बहुधा चार ओहमचा म्हणून विकला जातो आणि मीटरवर तो सुमारे साडेतीन ओहम दाखवतो. ज्या दोन तारांमध्ये हा आकडा मिळेल त्या एकाच स्पीकरच्या. चार जोड्या लागल्या म्हणजे अर्धे काम झाले. नुसता ट्वीटर असेल तर त्याच्या वाटेवर बसवलेल्या कपॅसिटरमुळे मीटर काहीच दाखवणार नाही, म्हणून तो मेला असे समजू नये. चारही जोड्या काहीच अर्थबोध करीत नसतील, तर गाडीत कारखान्याचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे असा संशय घ्यावा आणि तेथे सेलची पुढील परीक्षा करू नये.

जोडी लागल्यावर दीड व्होल्टच्या सेलची दोन टोके तिला क्षणभर टेकवावीत. चारांपैकी एका स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येईल. कोणत्या दारातून आला ते दुसऱ्या माणसाने कान देऊन सांगावे. याच परीक्षेत प्लस-मायनसही कळते. टेकवताच स्पीकरचा कागदी पडदा बाहेर आला, तर सेलचे प्लस ज्या तारेला लागले ती स्पीकरची प्लस. पडदा आत गेला तर उलट. स्पर्श क्षणाचाच असावा. सेल लावून धरल्यास स्पीकरच्या नाजूक वेटोळ्याला त्रास होतो. आणि संच जोडलेला असताना ही परीक्षा केल्यास सेलची वीज संचात शिरून नुकसान करते.

प्लस-मायनसची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. उलट जोडलेल्या स्पीकरने काही जळत नाही, हे खरे. परंतु एक पडदा बाहेर येतो त्याच वेळी दुसरा आत जातो, आणि दोघांनी ढकललेली हवा एकमेकांना खाऊन टाकते. तबल्याचा बायां पोकळ वाटतो आणि गायकाचा आवाज कोठून येतो तेच समजत नाही. मालक म्हणतो, स्पीकर हलके निघाले, आणि नवे आणावयास जातो. दोष स्पीकरचा नसतो, दोन तारांच्या अदलाबदलीचा असतो.

विजेच्या तारांतील चुका याहून गंभीर. पिवळी आणि तांबडी परस्परांच्या जागी गेल्या, तर चावी काढताच संच सारे विसरतो आणि केंद्रे रोज नव्याने शोधावी लागतात. ही कटकट नको म्हणून कोणी दोन्ही तारा एकत्र पिळून बॅटरीच्या तारेला जोडतो. संच मग कधीच झोपत नाही. समजा, तो तीन दशांश अँपिअर प्रवाह ओढत राहिला. पाच दिवसांचे एकशे वीस तास, म्हणजे छत्तीस अँपिअर-तास झाले. लहान मोटारीची बॅटरीच मुळी पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपासची असते. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळील केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेलेले कुटुंब चार-पाच दिवसांनी परत निघावयास गाडीपाशी येते आणि गाडी ढिम्म हलत नाही. थंडीत आखडलेली बॅटरी आणि तिला रात्रंदिवस चुटपुट पिणारा संच, असा तो हिशेब असतो.

सर्वांत मोठा धोका आगीचा. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून मोटारीची वीज निरुपद्रवी आहे असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बॅटरीची दोन टोके एखाद्या उघड्या तारेने भिडली, तर क्षणार्धात शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि तार लाल होऊन तिच्यावरचे आवरण पेटते. पिवळ्या तारेत तर चावी काढल्यावरही वीज असते. म्हणजे आग लागावयाची ती गाडीत कोणी नसतानाही लागू शकते. या प्रसंगी एकच पहारेकरी जागा असतो, तो म्हणजे फ्यूज. पात्यांच्या फ्यूजमध्ये दहा अँपिअरचा तांबडा आणि पंधराचा निळा, हा रंगसंकेत मात्र जगभर मानला जातो. जेवढ्याचा फ्यूज ठरला असेल तेवढ्याचाच घालावा. तो वारंवार उडत असेल, तर तो चुगली करीत नसून खरे सांगत आहे असे समजावे. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून किंवा तांब्याची तार अडकवून त्याचे तोंड बंद करणे म्हणजे राखणदाराला बांधून घालून घर उघडे टाकणे होय. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवून बॅटरीवरून जाड तार ओढली असेल, तर तिचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत असावा. त्यापुढची तार कोठे घासली, तरी फ्यूज तिला सांभाळील.

आदिलाबादेत ही काळजी दुप्पट घ्यावयास हवी. हा कापसाचा मुलूख. हंगामात पिकअप, जीप आणि ट्रॅक्टर कापसाने शिगोशीग भरून बाजाराकडे निघतात, आणि त्या पिकअपच्या केबिनमध्येही गाणे वाजत असते. केबिनमधल्या एका सैल जोडाची ठिणगी आणि पाठीमागचा वर्षभराचा घाम, यांच्यामध्ये अंतर वीतभराचेच असते. शिवाय येथील उन्हाळा कडक. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोचतो आणि बंद मोटारीच्या डॅशबोर्डमागे त्याहून किती तरी अधिक तापते. नुसत्या हातांनी पिळून टेप गुंडाळलेला जोड एखादा उन्हाळा काढतो न काढतो, तोच टेपचा डिंक पातळ होऊन ती सुटते आणि तांबे उघडे पडते. पावसाळ्यात त्यावर ओल चढते आणि उंदरांची कृपा झाली तर उरलेले आवरणही जाते. म्हणून जोड डाक देऊन किंवा पक्क्या पकडीने दाबून घ्यावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. जेथे तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबराची बांगडी असावी.

याहूनही चांगला मार्ग म्हणजे मूळ कपलर कापूच नये. बहुतेक गाड्यांसाठी बाजारात जोडकपलर मिळते. त्याचे एक तोंड गाडीच्या कपलरात बसते आणि दुसऱ्या टोकाच्या तारा नव्या संचाला जोडता येतात. त्याची किंमत संचाच्या किमतीपुढे किरकोळ असते. ते वाचवण्यासाठी कारखान्याची वायरिंग कापली, तर गाडीच्या हमीचा प्रश्न उद्भवू शकतो आणि दुर्दैवाने आग लागलीच, तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. जोडकपलर घेतले तरी मीटर लावून पाहण्यातून सुटका नाही, हे मात्र विसरू नये. चौथ्या आणि सातव्या घराची अदलाबदल तेथेही असू शकते.

काम पुरे झाल्यावर एक लहानसे कर्तव्य उरते आणि बहुधा तेच राहून जाते. कोणती तार कशाला जोडली, हे एका कागदावर लिहून तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. जोडकामात रंग बदलावा लागला असेल तर तोही नोंदावा. मोटार पुढे विकली जाईल, कदाचित पैनगंगेपलीकडे जाईल, आणि वेगळ्याच भाषेचा कारागीर तिच्यापुढे बसेल. तेलुगूत लिहिले तर मराठी माणसाला वाचता येणार नाही आणि मराठीत लिहिले तर तेलुगू माणसाला, अशी शंका येण्याचे कारण नाही. तारेचा एक तुकडा कागदावर चिकटवावा आणि त्याच्यापुढे बॅटरी, चावी, दिवा वा स्पीकर यांचे चित्र काढावे. ते तिघांनाही समजते.

ज्या कारागिराने मीटर लावला, चिकटपट्ट्यांवर नावे लिहिली, फ्यूज योग्य घातला आणि जोड बंदिस्त केले, त्याला कदाचित तासभर अधिक लागेल आणि तो मजुरीही थोडी अधिक मागेल. ती देताना मालकाने घासाघीस करू नये. घाईने पिळलेल्या तारांचे काम त्या दिवशी स्वस्त वाटते, पण त्याची किंमत पुढे कोणी तरी, केव्हा तरी चुकती करतो. पुष्कळदा तो ती गाडी विकत घेणारा, काहीच ठाऊक नसलेला माणूस असतो. डॅशबोर्डच्या आड गेलेले काम पुन्हा कोणी पाहत नाही. म्हणूनच ते नीट केलेले असावे, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार त्या पुढच्या माणसाला आहे.